पोटाचा उभा फोटो

निपाणीत माझं सोनोग्राफी आणि एक्स-रेचं सेंटर आहे. दारावरची पाटी कानडीत, आतलं बोलणं मराठीत, रिपोर्ट इंग्रजीत, आणि सर्जनांशी फोनवर परत कानडीत. ह्याची इतकी सवय झाली आहे की कुठल्या वेळी कुठली भाषा तोंडातून निघाली ते आता माझ्या लक्षातही येत नाही. लक्षात येतं ते एवढंच, की दुपारी दोनच्या सुमाराला मान आखडते. हात पेशंटच्या पोटावर, डोळे पडद्यावर आणि मान ह्या दोघांच्या मध्ये कुठंतरी अवघडलेली, अशा अवस्थेत माझी पंचवीस वर्षं गेली. घरी बायको म्हणते, तुम्ही माणसाच्या तोंडाकडं बघून बोलायचंच विसरलाय. तिचं बरोबर आहे. कित्येक माणसं मला तोंडानं ओळखू येत नाहीत, पण पोटावर जेली लावून प्रोब टेकवला की ओळख पटते. मग मी म्हणतो, तुम्ही मागं आलता न्हवं, पित्ताच्या खड्याला?

लोक एक्स-रेला फोटो म्हणतात. छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो. त्यातला पोटाचा उभा फोटो माझ्या आवडीचा होता, होता म्हणतो कारण आता तो आवडत नाही. आतडं कुठं अडलं की अडलेल्या जागेच्या अलीकडं पाणी आणि हवा साठत जाते. माणसाला उभं करून फोटो काढला तर पाणी खाली बसतं, हवा वर चढते, आणि दोघांच्या मध्ये आडव्या सरळ रेघा दिसतात, एकाखाली एक. माणसाच्या शरीरात सरळ रेघ एरवी कुठं नसते. त्यामुळं ती दिसली की ओळखायला फार अक्कल लागत नाही. सोनोग्राफीत जरा जास्त कळतं. फुगलेली आतडी दिसतात, आतलं पाणी पुढं जातं, अडतं, परत मागं येतं. पण हवा आली की पडदा धुक्यासारखा होतो आणि त्यापलीकडचं काही दिसत नाही. थोडक्यात, अडलंय हे सांगणं सोपं. कशानं अडलंय हे सांगायला मात्र शोधावं लागतं, आणि शोधायला वेळ लागतो, आणि बाहेर बाकावर माणसं बसलेली असतात.

माझा एक नियम होता. नियम कसला, मला त्याचा अभिमानच होता. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजून नऊवारी लुगडं नेसतात. कासोटा घातलेलं, कंबरेला गाठ मारून पक्कं केलेलं. ते एकदा सकाळी नेसलं की दिवसभर सुटत नाही आणि परक्या पुरुषासमोर तर नाहीच नाही. सेंटर नवीन होतं तेव्हा एका आजीला मी सरळ म्हणालो होतो, गाठ सोडा. ती उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली. तिच्याबरोबर आलेला मुलगा माझ्याकडं असा बघत गेला की मला पुढं आठवडाभर त्याची नजर आठवत होती. त्यानंतर मी ठरवून टाकलं की आज्यांची गाठ सोडायची नाही. बेंबीच्या खाली चार बोटं लुगडं सरकवायचं, तेवढ्यात जे दिसेल ते बघायचं. एक्स-रे काढतानाही तसंच. पुरुषांचे पट्टे, करगोटे, किल्ल्या काढायला लावायच्या. आज्यांना मात्र नेसल्या लुगड्यानं उभं करायचं. ह्यानं माझं नाव झालं. 'त्या डाक्टरकडं न्हे, त्यो सोडाय लावत न्हाय,' असं म्हणून लांबलांबच्या गावांतून सुना आपल्या सासवांना माझ्याकडं आणायच्या. मला बरं वाटायचं.

ती आजी जवळच्याच एका खेड्यातून आली होती. आजी तरी कशाला म्हणायचं, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल, मी तिला आक्का म्हणालो. बरोबर सून होती. मुलगा बेळगावला कारखान्यात कामाला, तो संध्याकाळी येणार होता. दोन दिवस पोट दुखत होतं, उलट्या होत होत्या, शौचाला झालं नव्हतं, वारा सरत नव्हता. सर्जनांनी चिठ्ठीवर लिहून पाठवलं होतं: आतडं अडल्याचा संशय, एक्स-रे आणि सोनोग्राफी. आणि सुनेनं काय केलं होतं, तर येताना रिक्षात सासूला पाण्याच्या दोन बाटल्या पाजल्या होत्या.

"सोनोग्राफीला पानी पिऊन यायचं आस्तंय न्हवं?" ती म्हणाली.

हे आमच्याकडं घरोघरी माहीत आहे. कुणालाही काहीही झालेलं असो, सोनोग्राफी म्हटलं की पाणी. गरोदर बाईला सांगितलेलं सगळ्या तालुक्यानं पाठ केलंय. ज्या बाईच्या पोटात पाण्याचा थेंब पुढं सरकत नव्हता तिला दोन बाटल्या पाजून आणली होती, आणि तिनं त्या टेबलावर चढायच्या आधी माझ्या बादलीत ओकून टाकल्या. मी सुनेवर खेकसलो. ती बिचारी आधीच रडवेली झालेली, आणखी बारीक झाली. आज ते आठवलं की मला स्वतःचीच चीड येते, कारण त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यात मोठी चूक काही तिनं केली नव्हती.

फोटोत रेघा दिसल्या. चार-पाच, ठळक. अडलंय ह्यात शंका नव्हती. कंबरेखाली एक गोल पांढरी चकती दिसत होती, तीही ओळखीची. चुन्याची डबी. आज्या कनवटीला तंबाखूची चंची खोचतात, चंचीत चुन्याची डबी असते, आणि ती फोटोत येते. माझा टेक्निशियन आणि मी अशा डब्या बघून हसायचो. डबी काढा म्हटलं तर चंची काढावी लागते, चंचीसाठी कंबर सैल करावी लागते, म्हणून आम्ही म्हणतच नव्हतो. डबी उजव्या जांघेवर खाली घसरलेली होती. मी ती बघितली आणि पुढं गेलो.

मग सोनोग्राफी. आक्का छताकडं बघत पडून राहिली. मी चार बोटं लुगडं सरकवलं. फुगलेली आतडी दिसली, आतलं पाणी पुढंमागं हिंदकळत होतं. बेंबीखाली एक जुना व्रण होता, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचा. आमच्या पिढीच्या आईबायांच्या पोटांवर तो असतोच. तो बघितला आणि माझं डोकं तिथंच थांबलं. जुन्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटतात, कधीतरी तिथं वाट अडते, बहुतेक वेळा पोटाला विश्रांती दिली की सुटते. हे मी शेकडो वेळा लिहिलेलं आहे. हाताला ते वाक्य येतंच होतं.

"आणि कुठं दुखतंय का आक्का?" मी विचारलं. विचारलं म्हणजे काय, पडद्याकडं बघत, रिपोर्ट मनात टाइप करत विचारलं.

"तुम्ही बगा की," ती म्हणाली.

मी बघत होतोच. लहान आतड्यात अडथळा, जुन्या ऑपरेशनमुळं आतडी चिकटल्याची शक्यता, गरज वाटल्यास सीटी स्कॅन करावा. हे शेवटचं वाक्य आम्ही सगळेच लिहितो. ते लिहिलं की आपली जबाबदारी संपली असं वाटतं. सर्जनांनी रिपोर्ट वाचला, नाकातून नळी घातली, सलाइन लावलं आणि दोन दिवस वाट बघायची ठरवली. किडनीच्या तपासणीत आकडा थोडा वर आला, आणि सीटीसाठी शिरेतून देतात ते औषध किडनीला जड जातं, म्हणून सीटी पुढं ढकलला. त्यांनी चुकीचं काही केलं नाही. माझा रिपोर्ट खरा धरून कुणीही तेच केलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिला परत पाठवलं. ह्या वेळी स्ट्रेचरवर. ओठ सुकलेले, नाकातल्या नळीतून हिरवट पाणी पिशवीत उतरत होतं. हॉस्पिटलात लुगडं खराब झालं म्हणून आयानं ते सोडून तिला सैल गाऊन घातला होता. उभं राहायची ताकद नव्हती, टेक्निशियननं निजवूनच फोटो काढला. कनवट नव्हती, चंची नव्हती, डबी नव्हती. फोटो पडद्यावर आला आणि मी खुर्चीवरून उठलो. उजव्या जांघेच्या घडीखाली, जिथं हवा असायचं काही कारण नाही, तिथं हवेचा छोटा बुडबुडा होता. सुपारीएवढा.

मी तिच्या जांघेवर प्रोब ठेवला. ठेवायच्या आधीच हाताला कळलं, लिंबाएवढं कठीण काहीतरी. आतड्याचं वेटोळं मांडीकडच्या बारीक वाटेनं बाहेर येऊन तिथं अडकलं होतं, गळा आवळल्यासारखं. आतली हालचाल थांबली होती. रक्त जाताना दिसत नव्हतं. हे नवीन नव्हतं, तीन दिवसांपासून तिथंच होतं, माझ्या चार बोटांच्या खाली आणखी चार बोटं.

सून उशाशी उभी होती. तिनं पडद्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघितलं.

"काय झालं डाक्टर?"

"आतडं हितं अडकलंय. लगेच ऑपरेशन करायला लागतंय."

"मग आदी का न्हाय दिसलं?"

"तेव्हा गॅस लई होता," मी म्हणालो.

मी सर्जनांना फोन लावला. ते पहिल्यांदा कानडीत काहीतरी पुटपुटले, मग म्हणाले, तुम्ही सोनोग्राफी केली होती म्हणून मी जांघ बघितली नाही. मी म्हणालो, तुम्ही तपासून पाठवलं असेल म्हणून मी बघितली नाही. भांडायचं कुणाच्या अंगात नव्हतं.

तिला घेऊन गेल्यावर मी पहिला फोटो परत उघडला. डबीच्या गोल कडेला चिकटून, नखाएवढा, हवेचा काळा तुकडा तेव्हाही होता. बाकीचा डबीखाली झाकलेला. बाहेर माणसं ताटकळली होती, दारात नंबर पुकारणाऱ्या मावशी दोनदा आत डोकावून गेल्या. मी तो फोटो मोठा करून बघत बसलो, लहान करून बघितला, परत मोठा केला. एकदा दिसलं की मग दिसतच राहतं. त्या दिवशीची बाकीची पोटं मी कशी बघितली मला सांगता येणार नाही.

ऑपरेशन झालं. वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापून काढावं लागलं आणि उरलेली दोन टोकं जोडावी लागली. दोन दिवस कुणी काही सांगू शकत नव्हतं. मी रोज सर्जनांना फोन करत होतो, आणि ते रोज तेच सांगत होते, की बघू. माझी झोप गेली. बायकोनं विचारलं तर मी मान दुखतेय म्हणालो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. तिच्या मरणाची वाटत होती, आणि लाज वाटते लिहायला, त्यानंतर तिचा मुलगा माझ्याकडं येईल ह्याचीही वाटत होती. दोन्हींतली कुठली मोठी होती हे मी अजून स्वतःला नीट विचारलेलं नाही.

सहाव्या दिवशी ती पेज प्यायला लागल्याचं कळलं आणि मी दुपारी तिला बघायला गेलो. जाताना मनाशी वाक्य जुळवत होतो. आक्का, पहिल्या दिवशी मी नीट बघितलं न्हाय. माझ्या नजरेतनं सुटलं. एवढंच. फार नाही. पंचवीस वर्षांत असं वाक्य पेशंटला कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळं ते तोंडात बसत नव्हतं.

ती उशाला टेकून बसली होती. मुलगा खिडकीपाशी, सून पायाशी, शेजारच्या खाटेवरची बाई आणि तिची माणसंही ऐकत होती. मला बघून तिनं गाऊनवर पांघरलेल्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला.

"याऽ डाक्टर. बसा."

"कसं वाटतंय?"

"बरं हाय. पेज घेतली." मग मुलाकडं वळून म्हणाली, "ह्येंनीच बगितलं रं." आणि मला हळू आवाजात, "डाक्टर, त्ये टेंगूळ मला लई वर्सांपासनं हुतं. खोकलं की यायचं, निजलं की जायचं. सुनंलाबी म्हाईत न्हवतं. कुनाला काय सांगायचं तसल्या जाग्याचं."

"मग मला तरी सांगायचं आक्का."

"तुम्हास्नी सांगून काय करू? मशिनीत दिसतंयच की सगळं." ती दमून थांबली. "पैल्या दिवशीच तुम्हास्नी दिसलं आसनार. सून हुती, त्यो पोरगा फोटू काढनारा हुता, म्हनून चारचौघांत बोलला न्हाईसा. मला तवाच कळलं. भला मानूस म्हनलं मनात. दिसलं हुतं न्हवं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं वाक्य तयार होतं, तिथपर्यंत जुळवत आणलेलं होतं.

"व्हय," मी म्हणालो.

सुनेनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. गॅस लई होता म्हणालो होतो ते तिला आठवत असणारच, आणि तो फोटो बघून मी कसा उठलो होतो तेही तिनं पाहिलं होतं. ती वाकून सासूच्या पायावरची चादर नीट करायला लागली, आधीच नीट असलेली. मी बाहेर पडलो आणि जिन्यात थोडा वेळ उभा राहिलो. एवढं हलकट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आक्का जगली. पंधरा दिवसांनी घरी गेली, आता हिंडतेफिरते, शेतावरही जाते म्हणे. मी माझ्या सेंटरात नियम बदलले. एक बाई टेक्निशियन ठेवली, पडदा लावला, गाऊन शिवून घेतले. पोट अडल्याचा पेशंट आला की वय कितीही असो, लुगडं सोडायचं, जांघ बघायची, मगच रिपोर्ट. काही आज्या उठून जातात. जाऊ देत. 'पैला बरा हुता, आता बदलला,' असं लोक म्हणायला लागलेत असं मावशींनी सांगितलं. ते मला सोसतं.

सोसत नाही ते वेगळंच आहे. आक्काच्या गावातून माझ्याकडं बायका यायला लागल्या. एक आली, मग दुसरी, मग आसपासच्या वाड्यांवरच्याही. तिनंच पाठवलेल्या. येतात, टेबलावर चढतात, छताकडं बघत पडतात आणि तोंडातून अक्षर काढत नाहीत. काय होतंय विचारलं तर हसतात. कधीपासून विचारलं तर सुनेकडं बघतात. पूर्वी निदान 'हितं दुखतंय' एवढं तरी म्हणायच्या. एकीचा उजव्या कुशीतला दुखवा मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखावा लागला, म्हणजे माझ्यासारख्याला, ज्याला चेहरे बघायची सवय नाही.

परवा त्यांच्यातलीच एक आली. साठीची असेल. तीन दिवस पोट फुगलंय, एवढं सुनेनं सांगितलं आणि मी सुनेला बाहेर बसवलं. बाई टेक्निशियननं गाऊन पुढं केला. पेशंटनं तो घेतला नाही.

"आक्का, काय दुखतंय ते सांगा. मागं कधी काय झालंय, कुठं काय गाठबीठ आलीय का, सगळं सांगा. मला नुसतं बघून कळत न्हाय."

ती हसली.

मग मला राहवलं नाही. मी प्रोब खाली ठेवला, खुर्ची वळवली आणि पहिल्यांदाच कुणालातरी सरळ सांगितलं. "तुमच्या गावातल्या आक्काचं मला दिसलं न्हवतं. तीन दिवस दिसलं न्हवतं. ती मरता मरता वाचली. मी तिच्यापुढं खोटं बोललो. ऐकताय न्हवं? मला दिसलं न्हवतं."

ती माझ्याकडं शांतपणे बघत होती. माझं ऐकून घेतल्यावर तिनं समजूत घातल्यासारखी मान हलवली.

"तुम्ही आसंच म्हननार म्हनून सांगितलंय तिनं," ती म्हणाली. "बगा तुम्ही. मी गप पडते."

आणि तिनं डोळे मिटून घेतले.